रिकाम्या चरकाची घुंगरं

माझ्या मेहुण्याइतका निर्लज्ज माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा झाला नाही आणि होणार नाही, हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे. त्यावर तो म्हणाला, "दाजी, जिल्हा लय लहान सांगितला तुमी." मी चौथी शिकलेला माणूस, मला गोडगोड लिहिता येत नाही. पण त्याच्याबद्दल कोणी तरी चार शब्द सांगितले पाहिजेत, आणि जिनं ते सांगायचे ती त्याची बहीण, म्हणजे माझी बायको, आता राहिली नाही.

पाथरीत एसटी स्टँडाच्या मागच्या रस्त्याला त्याची रसवंती आहे. माझं घर त्याच गल्लीत, हाकेच्या अंतरावर. चार बाकडी, वर पत्रा, आणि मधोमध ऊस पिळायचा लोखंडी चरक, त्याला घुंगरं बांधलेली. मोटर बसवून कैक वर्षं झाली, पण हातानं फिरवायचं मोठं चाक काही त्यानं काढू दिलं नाही. ते चाक लागतं त्याच्या बैठकीला. रोज दुपारी चार वाजता तिथं सहा-सात जण जमतात. कोणी दुखण्याच्या गोळ्यांत अडकलेला, कोणी खोकल्याच्या औषधात, कोणी सुईत. ज्यांनी सोडलं ते आणि जे सोडायलेत ते, सगळे एकाच बाकावर. फलक नाही, भाषण नाही, हारतुरे तर नाहीतच. औषधपाण्याला परभणीचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडं नव्या माणसाला हा स्वतः दंडाला धरून नेतो. "पण डॉक्टर काय चार वाजता तुमच्या उंबऱ्यावर येऊन बसत न्हाई," असं म्हणतो, "ते काम आमचं. आमी त्याच खड्ड्यातून वर आलेलो हाव." नियम एकच. ज्याला तलफ येईल त्यानं येऊन चाक फिरवायचं. ऊस असो नसो, पावसाळ्यात दुकान बंद असो, अंगाचं पाणी होईपर्यंत फिरवायचं. आजूबाजूच्या दुकानांना आता ठाऊक झालंय. रिकाम्या चरकाची घुंगरं वाजायला लागली की कोणाचा तरी दिवस वाईट आहे. कोणी वळून बघत नाही. समोरचा चहावाला तेवढा मुकाट्यानं एक कप आणून बाकावर ठेवून जातो.

ही रीत त्याची नाही, माझ्या बायकोची. तरुणपणी हा ट्रॅक्टरवरून पडला, कंबर गेली, गोळ्या सुरू झाल्या. पुढं कंबर बरी झाली, गोळ्या राहिल्या. आमच्या घरची तांब्याची घागर एक दिवस ह्याच्याबरोबर गेली ती परत आली नाही. सासऱ्यांनी दार लावून घेतलं. हिनं बापाला सांगितलं, "घरात नको तर नको, मी त्याला आमच्या रसवंतीत ठेवते." आणि चाकाला जुंपला. "हात मोकळे ठिऊ नकोस, बाकीचं मी बघते," म्हणाली आणि समोरच्या बाकावर सूप घेऊन गहू निवडत बसली. किती दिवस बसली ते मी मोजले नाहीत, पण तेवढे गहू आमच्या घरात कधीच नव्हते. निवडलेले परत मिसळून परत निवडायची. घागरीचं तिनं मरेपर्यंत नाव काढलं नाही.

बैठकीत नवा माणूस आला की मेहुण्याच्या खोटं बोलण्याला भरती येते. नवा माणूस शरमेनं मान खाली घालून सांगतो, मी असं असं केलं. हा लगेच म्हणणार, "येवढंच व्हय? आरं मी तर..." आणि त्याच्यापेक्षा दुप्पट वाईट काही तरी ठोकून देणार. एकानं भावाची सायकल विकल्याचं सांगितलं, तर ह्यानं सासऱ्याची गाभण म्हैस विकली. ह्याचं लग्न झालेलं नाही, सासरा कुठला? एक निवृत्त मास्तर आले, ते म्हणाले मी वर्गात फळ्यापुढं उभ्याउभ्या झोपलो. हा म्हणाला, "मास्तर, मी तिरडीला खांदा देऊन झोपलो, तिरडी माझ्यामुळं दुसऱ्या गावाला गेली." मास्तर कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा हसले म्हणे. मी एकदा त्याला खोटारडा म्हणालो. तो म्हणाला, "दाजी, मानसाला वाटतं आपुनच सगळ्यात खाली हाव. कोणतरी त्याच्या खाली दिसावं लागतं." घागरीची खरी गोष्ट मात्र त्यानं तिथं कधीच सांगितली नाही.

मग माझी पाळी आली. बायकोला कॅन्सर झाला. परभणीच्या दवाखान्यातून तिच्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या मिळायच्या. त्या गोळ्यांना मी शिव्या देणार नाही. शेवटच्या दिवसांत तिला झोप दिली ती त्यांनीच. ती गेल्यावर मागं काही शिल्लक राहिल्या. माझे गुडघे दुखत होते. दुखत होतं ते गुडघ्यात नव्हतं, हे मला बी कळत होतं. एक घेतली. मग रोज घेतली. त्या सरायला आल्या तशा इकडून तिकडून दुसऱ्या तसल्याच आणल्या. ह्या वयात, पोराबाळांशिवायच्या घरात, मला विचारणारं कोण? मेहुणा आला, माझ्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं, न जेवता ठेवलेली भाकरी बघितली, आणि म्हणाला, "दाजी, मला नका सांगू. मी ह्या शाळेचा हेडमास्तर हाय." दुसऱ्या दिवशी वळकटी घेऊन माझ्या घरात राहायलाच आला. पिठाचा डबा उपसला. उशी उसवली. रेडिओ खोलला, त्यात सापडल्या. देव्हाऱ्यापुढं हात जोडून "जरा सरका" म्हणाला आणि देवामागं हात घातला, तिथंही सापडल्या. निर्लज्ज म्हणतो मी ते उगाच नाही. पण एका जागेला त्यानं हात लावला नाही. त्याच्या आक्काची लोखंडी पेटी. तिच्यापाशी गेला, वरनं हात फिरवला आणि मागं फिरला. ती त्याच्यानं उघडवणार नाही हे मला ठाऊक होतं. म्हणून एक पाकीट मी तिच्यातच ठेवलं होतं.

डॉक्टरांनी हळूहळू औषध उतरवलं, चाकानं बाकीचं केलं. माझ्या पाळीला समोर बसून गहू निवडायला मेहुणा होता. खडे कमी आणि गहूच जास्त फेकायचा. मी सुटलो. बैठकीत मास्तरांसमोर, सगळ्यांसमोर सांगितलं, घरात आता काही नाही. खोटं सांगितलं. पाकिटावर दवाखान्यातल्या बाईंच्या हातचं माझ्या बायकोचं नाव होतं. मी ते नावासाठी ठेवलंय, असं मनाला सांगायचो. हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं रोज दुपारी त्या पेटीकडं बघायचं.

तिचं वर्षश्राद्ध आलं. ती सवाष्ण गेली, म्हणून शेजारची सून सवाष्ण म्हणून जेवायला बोलावली होती. घडी न मोडलेलं एक लुगडं पेटीत होतं, ते तिला द्यायचं ठरलं. मेहुणा म्हणाला, "किल्ली द्या दाजी. मी काढतो. भावाचा मान हाय." नाही म्हणावं तर का ते सांगावं लागलं असतं. मी किल्ली दिली. तो आत गेला, बराच वेळ आतच राहिला. बाहेर आला, लुगडं सुनेच्या ओटीत नीट दिलं, पाया पडला, आणि न जेवता चालता झाला. मी पेटीशी गेलो. पाकीट नव्हतं. तेवढ्यात घुंगरं वाजायला लागली. भर पावसाळ्यात, दुकान बंद असताना.

मी अनवाणी गेलो. तो फिरवत होता, सदरा पिळून घ्यावा असा भिजला होता. मास्तर आणि बैठकीतला जीपवाला बाकावर बसले होते. पाकीट त्यांच्या मधे, बंद. तो सुटल्यापासून एवढ्या वर्षांत त्याला स्वतःसाठी चाक फिरवताना मी पाहिलं नव्हतं.

"दाजी," तो न थांबता म्हणाला, "हाताला लागलं आन् आधी गोळी आठवली. आक्का मागनं आठवली. आजच्या दिवशी."

"मला बी रोज तसंच होतं," मी म्हणालो. "पण तुझ्या हाती लागंल हे माझ्या ध्यानात आलं न्हाई रे."

"म्हाईत हाय. तुमी निर्लज्ज हाव, पर येवढे न्हाई. धरा हिकडनं."

मी दुसऱ्या बाजूनं दांडा धरला. समोरच्या चहावाल्यानं त्या दिवशी दोन चहा आणून ठेवले.

पाकीट दवाखान्यात परत द्यायचं ठरलं. पण न्यायचं कोणी? आमच्यात एकट्याच्या हाती द्यावं असा एकही माणूस नव्हता, आणि हे सगळ्यांना कबूल होतं. शेवटी माझ्या खांद्यावरच्या रुमालात ते बांधलं, एक टोक मी धरलं, एक मेहुण्यानं, आणि तसेच जीपमध्ये बसलो. मानवतला एक बाई चढली. आमच्या मांडीवरची गाठ बघून हळूच म्हणाली, "कोणाच्या अस्थी हाईत, बाबा?"

मेहुण्यानं गाठीवर हात ठेवला. मग म्हणाला, "माझ्या भैनीच्या, माय."

बाईनं हात जोडले आणि सरकून आम्हाला जागा दिली. ह्या वेळी मी त्याला खोटारडा म्हणालो नाही.

दवाखान्यातल्या बाईंनी गोळ्या काढून घेतल्या, वहीत लिहिलं. मी रिकामं पाकीट मागितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, नावाची बाजू सरळ केली आणि दिलं.

परत येताना रुमालात तेवढा कागदच होता. त्याला धरायला दोन माणसं कशाला लागतात? पण मेहुण्यानं त्याचं टोक सोडलं नाही. मानवतच्या पुढं त्याचा डोळा लागला, डोकं माझ्या खांद्यावर आलं, तरी टोक मुठीत तसंच होतं. मग मी बी माझं सोडलं नाही.