ताऱ्याची उचकी

“साचलं की पेटणारच,” हे मामांचं पालुपद. आकाशातल्या दुर्बिणीचे आकडे जिथे उतरत, त्या खोलीत ते बावीस वर्षं बसले. त्यांचा लाडका तारा मेलेला, जेमतेम शहराएवढा, पण वजनाने सूर्याहून भारी. शेजारच्या ताऱ्याचा वायू तो अंगावर ओढून घेई. थर साचत जाई, स्वतःच्याच भाराने तापे आणि दर चार तासांनी एकदम भडके. मग पडद्यावर क्ष-किरणांची रेघ उसळे आणि मिनिटभरात ओसरे. मामा तिला उचकी म्हणत. “काढली कुणीतरी आठवण बिचाऱ्याची,” म्हणून कागदावर वेळ लिहीत.

थकलेली ती दुर्बीण एके दिवशी संध्याकाळी पाचला कायमची बंद व्हायची होती. पुढची उचकी पाच वाजून सात मिनिटांनी लागायची होती.

“सात मिनिटं थांब गं पोरी,” मामा म्हणाले. खोलीची मुख्य झालेली ती बाई त्यांच्याच हाताखाली शिकली होती.

“हुकूम वरून आलाय, मामा. आणि तुमचा तारा काय पळून चाललाय?”

“तो कुठला जातोय! मीच चाललोय.”

तिने मान खाली घातली आणि पाचला आज्ञा पाठवली. पडदा काळा झाला. मामा तसेच बसून राहिले. सात मिनिटांनी म्हणाले, “लागली असेल बघ.” पेन हातात होतं, पण न पाहिलेली वेळ त्यांनी कधी लिहिली नव्हती. कागद कोराच ठेवून ते उठले.

लांबलचक व्हरांड्यातून ते हळूहळू निघून गेले. ती दारात उभी राहून ते वळेपर्यंत बघत होती.