पाहुण्यांपुढे फेकलेले चेंडू
मोहाच्या तेलाचा वास आला की आजही माझं डोकं तापतं. ऐंशीच्या दशकात भंडाऱ्याजवळच्या एका शाळेत मी मुलींना सॉफ्टबॉल शिकवायचो. चेंडू फेकणाऱ्या आमच्या पिचर पोरीने कधी जोर लावायचा, कधी थांबायचं, याचा आराखडा मी हंगामभर सांभाळला होता. सामन्याच्या आदल्या दिवशी तिला सक्त आराम होता. नेमके त्याच दुपारी हेडमास्तरांची मुलगी पाहायला पाहुणे आले. "पोरीले फेकायले लावा सर, पाहुण्यायले आपली शाळा दाखवू," हेडमास्तर म्हणाले. "खांदा जाईल तिचा!" मी ओरडलो. त्यांनी स्वतःच तिला हाक मारली. पाहुणे सावलीत पोहे खात राहिले, ती उन्हात फेकत राहिली. सामन्याच्या सकाळी तिची आई खांद्याला मोहाचं तेल चोळत होती. हात वर जातच नव्हता. तिकडे हेडमास्तरांच्या मुलीचं लग्न जमलं. पत्रिका मी चुलीत घातली. म्हातारे हेडमास्तर अजूनही भेटले की म्हणतात, "तुम्ही लग्नाले आलेच नाही." त्या पोरीचा खांदा कसा आहे, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.