ताईने तोडलेलं द्राक्षाचं पान

माझा भुताखेतांच्या, चमत्कारांच्या असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, हे या ग्रुपवरच्या जुन्या मेंबर्सना माहीत आहे. तुमचे अनुभव मी आवडीने वाचतो आणि खाली एखादी खोचक कॉमेंटही टाकतो. कंपनीत नवीन मशिनची पूजा असते तेव्हा मी फक्त खोबऱ्यासाठी उभा राहतो. त्यामुळे आज मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर काही जण हसतील. हसा... माझं हसून झालंय.

मी नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. पार्ट भिंगाखाली धरायचा, बारीक तडा किंवा डाग शोधायचा आणि सापडला की पार्ट नापास. प्रॉडक्शनची माणसं मला येताना बघून चहाला निघून जातात. माझा छंदही त्याच जातीचा – मॅक्रो फोटोग्राफी. फुलं-पाखरं नाही, नुसती नक्षी. झाडाच्या सालीवरच्या भेगा, सुकलेल्या चिखलाचे चौकोन, दगडावर उगवलेलं दगडफूल. बायको म्हणते, "लोक हिमालयाचे फोटो काढतात, आमचे हे मसाल्याचे!"

माझी मोठी बहीण, ताई, दिंडोरीच्या पुढच्या एका गावात दिलेली आहे. घरची द्राक्षबाग आहे. ताईला शुगर आहे आणि गोळी आठवली तर घ्यायची, नाहीतर नाही, असा कारभार. "डोळे तपासून घे गं," म्हणून मी किती दिवस मागे लागलो होतो. तिचं उत्तर ठरलेलं – "सीझन होऊ दे." आता बागायतदाराच्या घरात सीझन संपतो कधी? छाटणी झाली की विरळणी, मग काढणी, काढणी संपली की परत छाटणी. तेव्हा तिचे डोळे आपले मागे पडत गेले.

गेल्या हिवाळ्यात मी तिच्याकडे गेलो होतो. घडांना हवा लागावी म्हणून बागेत जवळची पानं काढायचं काम चालू होतं. द्राक्षाचं पान कधी उजेडावर धरून बघा. देठाच्या एका टोकापासून सगळ्या मुख्य शिरा फुटतात, त्यांना फाटे, फाट्यांना फाटे... मला तर खजिनाच सापडला. मी काही पानं तोडली. ताईने चालता चालता एक तोडून माझ्या हातात दिलं. "हे घे पम्या, लय गुळगुळीत हाय."

घरी आल्यावर प्रत्येक पान लाइटसमोर लावून फोटो काढले. माझी पद्धत अशी, की फोटो ब्लॅक अँड व्हाइट करायचा आणि पानाची कड दिसणार नाही इतका आतून कापायचा. नुसत्या शिरा राहिल्या पाहिजेत. माझी पानं झकास आली. ताईने दिलेल्या पानावर मात्र, शिरा जिथून फुटतात त्याच्या जरा बाजूला, एक काळा डाग होता.

पान हातात घेऊन पाहिलं. डाग नाही. भिंगाखाली पाहिलं, नाही. म्हटलं, कॅमेऱ्याच्या सेन्सरवर धूळ असणार. ते ओळखायची सोपी युक्ती आहे. धूळ असेल तर पान फिरवलं तरी डाग फोटोत जागचा हलत नाही. मी पान फिरवलं, फोटो काढला. डाग पानाबरोबर फिरला! म्हणजे तो पानावरच होता. फक्त पानावर नव्हता.

मी चिडलो, दुसरं काही नाही. डाग आहे की नाही याचं उत्तर देण्याचाच मला पगार मिळतो. वैतागून फोटो ताईच्या व्हॉट्सअॅपवर टाकला. लगेच दाजींचा फोन.

"पम्या, कुठल्या लायनीतलं पान हाय हे? डाऊनी हाय ही!"

डाऊनी म्हणजे द्राक्षाच्या पानावर पडणारा रोग. एकदा शिरला की घडांसकट बाग घेऊन जातो. मी म्हटलं, "दाजी, पानावर काहीच नाहीये, फोटोतच दिसतंय."

"फोटोत दिसतंय म्हंजे हाय ना? आपल्याला नुसत्या डोळ्यानं दिसंस्तवर उशीर झालेला असतो रे बाबा."

दाजी अन् ताई दोघांनी सगळी बाग पालथी घातली. एका पानावर ठिपका सापडला नाही. तरी दाजींनी फवारणी केलीच. त्यांचंही चूक म्हणता येणार नाही. पानावर डाग म्हणजे रोग बागेला, हेच आयुष्यभर पाहिलेला माणूस तो.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा मुद्दाम तिघांनी पानं तोडली – मी, दाजी आणि ताई, एकाच वेलीवरची. माझं आणि दाजींचं पान स्वच्छ आलं. ताईच्या पानावर डाग वाढलेला होता आणि बाजूला बारीक ठिपके फुटले होते. दाजींनी परत पंप पाठीला लावला. "तुझा कॅमेरा आमाला खड्ड्यात घालंल," म्हणाले, पण फवारणी काही सोडली नाही.

मग एका लग्नासाठी ताई नाशिकला आमच्याकडे उतरली. सकाळी माझ्या बायकोला म्हणाली, तू बस, चहा मी गाळते. कपात चहा ओतायला लागली आणि धार कपाच्या बाहेर, सरळ ओट्यावर.

"अहो ताई, अहो, कप!" बायको ओरडली.

"अगं बाई! हितंच तर होता की." ताई हसली. आम्ही दोघं हसलो नाही. ओटा पुसून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "उजव्या डोळ्यापुढं माशीगत काहीतरी येतंय रे. हाकललं तरी जात नाय." लग्नाचं जेवण राहू दे म्हटलं, आणि तिला तशीच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या झाल्यावर मशिनवर डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो काढले. डॉक्टर स्क्रीनवर दाखवत म्हणाले, "हा उजवा डोळा. शुगरमुळे आत रक्तस्राव झालाय. कधीपासूनचं आहे, किती वेगाने वाढतंय, ते एका फोटोवरून नाही सांगता येणार. पुढच्या आठवड्यात या, मग लेझरचं ठरवू. डावा सध्या ठीक आहे."

मी स्क्रीनकडे बघत होतो. एका गोल टोकापासून फुटलेल्या शिरा. त्यांना फाटे. जरा बाजूला काळा डाग, डागाशेजारी बारीक ठिपके. शिरांची वळणंसुद्धा तीच. हा फोटो मी पाहिलेला होता. मीच काढलेला होता!

माझा हात आपोआप खिशात गेला. मोबाइलवर आधी दुसरं पान काढलं, मग पहिलं, आणि डॉक्टरांपुढे धरलं. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. डॉक्टरांनी चष्मा वर करून पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं, परत मोबाइलकडे पाहिलं.

"अहो, जुने फोटो आहेत तर आधी नाही का दाखवायचे? हा कधीचा?"

"हिवाळ्यातला."

"आणि हा त्याच्यानंतरचा... म्हणजे फारच वेगाने पसरतंय. थांबण्यात अर्थ नाही. आजच करून घेऊ." आणि सिस्टरना हाक मारता मारता म्हणाले, "कुठल्या मशिनवर काढलेत हो? आमच्यापेक्षा चांगले आलेत."

इथे मी बोलायला हवं होतं. डॉक्टर, हा डोळा नाही, द्राक्षाचं पान आहे. आयुष्यात एकही पार्ट मी खोट्या रिपोर्टवर पास केलेला नाही. पण बाजूला ताई पदराने डोळे टिपत बसली होती आणि डॉक्टरांच्या तोंडून "आजच" निघालं होतं. मी मोबाइल खिशात टाकला आणि लेझरच्या फॉर्मवर सही केली.

त्याच दिवशी लेझर झालं. नंतरच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, "आठवडाभर थांबला असतात तर या डोळ्याचं काही खरं नव्हतं. जुन्या फोटोंमुळे वाचलात. त्यांची प्रिंट फाईलला लावा." लावली. नाशिकमधल्या एका दवाखान्यात, माझ्या बहिणीच्या फाईलमध्ये, आज द्राक्षाची दोन पानं लावलेली आहेत.

परतताना गाडीत ताईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे रोग माझ्यात, अन् आमी औषध बागेला मारीत बसलो?" आणि हसता हसता रडायला लागली. मी गाडी बाजूला घेतली.

त्यानंतर एकदा, फक्त एकदा, मी तिच्याकडून, आधीच्या दोन्ही वेळांसारखंच उजव्या हाताने, पान तोडून घेतलं आणि फोटो काढला. काळा डाग फिका झाला होता. कडेकडेने मात्र पांढरट गोल ठिपके होते, एकसारख्या मापाचे, एकसारख्या अंतरावर. इतकी वर्षं निसर्गातली नक्षी बघतोय, इतकी टापटीप ओळ मी कुठे पाहिलेली नाही. डॉक्टरांना सहज विचारलं, तर म्हणाले लेझरचे डाग असेच दिसतात.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल योगायोग. मीही म्हणून पाहिलं. मनाला लागलेलं असलं की कुठल्याही जाळीत हवं ते दिसतं, हेही मला ठाऊक आहे. पण डॉक्टरांच्या मनाला काय लागलं होतं? खरं सांगायचं तर उत्तर शोधायची हिंमत आता फारशी नाही.

परवा ताईकडे गेलो होतो. डाव्या डोळ्याच्या तपासणीची तारीख उलटून गेलेली. विचारलं, तर तेच – "सीझन होऊ दे रे." वर बागेतल्या द्राक्षाच्या मांडवाखाली गेली, डाव्या हाताने एक पान तोडलं आणि माझ्यापुढे धरलं.

"डॉक्टरकडं कशाला हेलपाटा? तू हाय ना. काढ फोटू, अन् सांग."

पान चांगलं हिरवंगार होतं, एक डाग नव्हता. कॅमेरा माझ्या गळ्यातच होता. मी पान तिच्या हातातून घेतलं, चुरगाळून बांधावर टाकलं आणि गाडीचं दार उघडलं.

"बस."

"अरे येड्या, आधी फोटू तरी काढ!"

"डॉक्टर काढतील," मी म्हटलं. "तू बस."