घरच्यासारखा

२०१६ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. माझ्या आईचं तेरावं होतं आणि मला मागच्या दाराशी, चपलांच्या बाजूला बसवलं होतं.

बंगला भोपाळच्या चार इमलीतला, बड्या अधिकाऱ्यांच्या वस्तीतला. साहेबाचा. साहेब म्हणजे तिचा दुसरा मुलगा, लग्नाचा. पहिला मी. लढाईच्या वेळी नागपूरकडे आलेल्या एका अमेरिकन सोजिरापासून झालेला. तिनं मला कामठीच्या अनाथाश्रमात ठेवलं, की तिच्या बापानं ठेवायला लावलं, ते मला ठाऊक नाही.

तिथं आम्ही तसे पाच-सहा जण होतो. भुरे केस, मांजरडोळे. सोजिराची पिलावळ म्हणायचे आम्हाला. त्यातली एक पोरगी रस्त्यानं जाणाऱ्या दर बाईकडे बघून विचारायची, "ही असेल का रे?" पुढं ती आजी झाली, तरी बाजारात बायकांची तोंडं बघत राहिली. मला ते जमलं नसतं. बाप समुद्रापार गेला, त्याचं नावही कुणी सांगेना. मी आई शोधली. आश्रमातल्या म्हाताऱ्या आयाला माहीत होतं. सरकारी बाबूशी लग्न करून ती त्याच्या ऑफिसाबरोबर भोपाळला गेली होती.

मीही आलो. तिच्या क्वार्टरसमोर उभा राहिलो. माझे डोळे बघून तिनं दाराची कडी घट्ट धरली.

"इथे येऊ नका," म्हणाली. "मीच येत जाईन."

नका. पोटच्या पोराला अहो-जाहो.

जवाहर चौकात मी कुकर-स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान टाकलं. ती कुकर घेऊन यायची. "अहो मिस्त्री, शिट्टी होत नाही बघा." कुकर चांगला असायचा. मी पाणी घालून चढवायचो, ती स्टुलावर बसायची. शिट्टी व्हायची. ती म्हणायची, "आणखी एकदा बघा." मी पुन्हा चढवायचो. सगळा जन्म आम्हा मायलेकरांचं बोलणं त्या शिट्टीवर चाललं. मी कुणाला सांगितलं नाही. लाज तिची होती, म्हणून राखली. माझी नव्हती.

मरताना तिनं साहेबाला सगळं सांगितलं. म्हणून त्याचा फोन आला. "तेराव्याला या. पण कुणाशी काही बोलू नका."

धुतलेला सदरा घालून गेलो. तिच्या फोटोला एक फूल वाहायचं, एवढंच मनात होतं. मुलगा म्हणून.

साहेबाचं डोकं तुळतुळीत. त्यानं दहाव्याला केस दिले होते. माझे डोक्यावर तसेच. मी फोटोकडे निघालो तर त्याची सून आडवी आली. "बाबा, आप पीछे बैठिए ना, उधर हवा अच्छी है।" त्या हवेला ओल्या चपलांचा वास होता. आत सगळ्यांना स्टीलची ताटं. मला पत्रावळ. पत्रावळीवर तेराव्याचा लाडू.

हात धुवायला आलेला एक पाहुणा थबकला. "अरे, ये कौन हैं? आँखें तो देखो, पूरे अंग्रेज!"

साहेब हसला. "आईचे कुकर हेच नीट करायचे. आमच्या घरच्यासारखेच आहेत."

घरच्यासारखे.

यांची मोलकरीण घरच्यासारखी. ड्रायव्हर घरच्यासारखा. यांचं कुत्रंही घरच्यासारखं, फक्त त्याला आत गादी. लाडू तोंडात फिरत राहिला, खाली उतरेना. तुपाचा वास नाकात चढला. शिसारी आली. त्या तुपाची, त्या हसण्याची. आणि इतकी वर्षं 'मिस्त्री' ऐकून हलणाऱ्या माझ्या मानेची.

पाहुणा गेल्यावर साहेबानं तिचा कुकर आणून माझ्यापुढं ठेवला. "आईची आठवण. घेऊन जा. आणि आता हे इथंच संपलं असं समजा."

मी लाडू पत्रावळीवर थुंकलो.

"सारखा नाही," म्हटलं. "पोटचा."

"हळू बोला. लोक आहेत."

"आहेत म्हणूनच बोलतो."

"तमाशा करू नका, हात जोडतो तुम्हाला." हात काही जोडले नव्हते त्यानं. एक माझ्या खांद्यावर होता, दाराकडे ढकलणारा. तो झटकला. सरळ आत गेलो, ताटांच्या मधून. फोटोवरच्या हारातलं एक फूल काढलं आणि तिच्या फोटोच्या पायाशी ठेवलं. वाढणारे थांबले. कुकर तिथंच सोडून आलो. वाजू दे त्यांच्याच घरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौक उघडायच्या वेळी नाक्यावरच्या न्हाव्यापुढं बसलो.

"सगळे काढ."

"अरे मिस्त्री, कौन गुजर गया?"

चहावाल्यालाही ऐकू जाईल असं म्हटलं, "माँ। चार इमलीवाले साहब की माँ। मेरी माँ।"

त्याचा वस्तरा थांबला.

"रुक क्यों गया? चला।"

त्यानं चालवला. पिकलेले भुरे केस मांडीवर पडले. चहावाला ग्लास हातात घेऊन जवळ आला. म्हणाला, "क्या बोले, मिस्त्री?"

मी पुन्हा सांगितलं. मगापेक्षा मोठ्यानं.