तीन पावसाळे कोरडा राहिलेला तंबू

माझ्या थोरल्या भावाने माझ्यासाठी एक तंबू शिवला होता. तो मी रानात एकदाही उभा केला नाही, आणि त्याला मात्र सांगत राहिलो की मी त्यात तीन पावसाळे झोपलो. सांगायचं आहे ते एवढंच. पण त्याचं पुढे जे झालं ते झाल्यावरही तोंड उघडायला मला सहा वर्षं लागली.

त्रेचाळिसाव्या वर्षी मला शुगर निघाली. चालत जा, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून धारवाडच्या एका ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये मी नाव दिलं. एक वकील, दोन बँकवाले, एक इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राध्यापक आणि सरकारी कचेरीतला कारकून मी. काय काय घ्यायचं याची त्यांनी यादी दिली होती. सॅक घेतली, स्लीपिंग बॅग घेतली, कपाळावर बांधायची बॅटरी घेतली. तंबूशी अडलो. अण्णाला फोनवर सहज बोललो तर तो म्हणाला, "कापड आणि चार नळ्या. त्यात विकत घेण्यासारखं काय आहे?"

अण्णा तारिहाळच्या एका कारखान्यात लेथवर होता. हात असा की केसाएवढा फरक राहिला तरी तो नग पुन्हा मशीनला लावायचा. दाजीबानपेठेत मंडपवाल्यांना कापड पुरवणारं एक दुकान आहे, तिथून त्याने वॉटरप्रूफ कापडाचा उरलेला तुकडा आणला. तो गुलाबी होता. दुसरा रंग शिल्लक नव्हता. साहेबांना विचारून कारखान्यातल्या भंगारातल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या घेतल्या, एकीचं टोक दुसरीत बसेल असं लेथवर उतरवून घेतलं आणि जोडायचा क्रम चुकू नये म्हणून प्रत्येकीवर एक ते नऊ आकडे ठोकले. शिवण वहिनींच्या मशीनवर, चार रविवार. वहिनी कापड धरून बसायच्या.

हुबळीच्या त्याच्या घराच्या गच्चीवर त्याने तंबू उभा केला तेव्हा आम्ही तिघं आत बसून चहा प्यायलो. गुलाबी उजेडात वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ह्यात बसलं की माणूस गोरा दिसतो बघा." अण्णा शिवणीवरून बोट फिरवत होता. मला खरंच फार बरं वाटलं होतं त्या दिवशी, हेही लिहायला पाहिजे.

पहिल्या ट्रेकला धारवाड स्टेशनवर जमलो, अळणावरची गाडी धरायला. वकिलाने माझी तंबूची पिशवी उचलून बघितली, तिचं तोंड सैल केलं आणि आत डोकावून विचारलं, "कारकूनसाहेब, जंगलात कुणाचं लग्न लावायचं?" सगळे हसले. मीही हसलो. हसलो तिथवर ठीक होतं. पण मी म्हणालो, "शेजाऱ्याचा आहे हो. नको म्हटलं तरी गळ्यात मारला."

स्टेशनबाहेरच्या सायकल स्टँडवर ओळखीचा माणूस होता. त्याच्याकडे पिशवी ठेवून मी गाडीत चढलो.

त्या मुक्कामात पाऊस झाला. मी प्राध्यापकांच्या तंबूत होतो. त्यांनी मला दाखवलं की विकतच्या तंबूत प्रत्येक शिवणीवर आतून एक पट्टी चिकटवलेली असते, कारण सुईच्या भोकांतून पाणी येतं. नवा तंबू आधी घरी बादलीभर पाणी ओतून बघावा, असंही ते म्हणाले. अण्णाच्या तंबूला पट्टी नव्हती. मला ते तेव्हाच, तिथे पडल्या पडल्या आठवलं.

पुढच्या रविवारी हुबळीला जेवायला गेलो. मी चप्पल काढतोय तोच अण्णाने विचारलं, "नीर बंतेनो?" पाणी आलं काय रे. घरात आम्ही मराठीच बोलतो, पण कामाचा प्रश्न अण्णा कन्नडमध्ये विचारतो, तीस वर्षं कारखान्यात काढल्यामुळे. हातात पाण्याचा तांब्या घेऊन तो उभा होता.

"एक थेंब नाही," मी म्हणालो.

मग ते वाढत गेलं. प्रत्येक ट्रेकनंतर तो तेच विचारायचा आणि मी तेच सांगायचो. वारा कुठल्या बाजूने होता, हेही सांगायचो. मी प्राध्यापकांच्या तंबूत झोपायचो, आणि अण्णाचा तंबू माझ्या कचेरीत जुन्या फायलींच्या कपाटात होता. नुसतं कौतुक खरं वाटणार नाही म्हणून एकदा चेन अडकते अशी तक्रार केली, तर अण्णा म्हणाला, आणून दे की, नीट करतो. आता तंबू नवाकोरा कसा दाखवणार? दुपारच्या सुट्टीत मी कचेरीच्या आवारात बसून लोखंडी खुंट्या लाल मातीत घासल्या, कापडाच्या कडेला चिखल लावला. वॉचमन बघत होता. त्याला वाटलं असेल, साहेब झाडं लावतायत.

दोनदा अण्णा म्हणाला होता, पुढच्या खेपेला मीही येतो. दोन्ही वेळा मी सांगितलं की ग्रुप भरलाय.

तो रिटायर झाला आणि मला म्हणाला, तंबू चार दिवस दे, हिला घेऊन जातो. अळणावरच्या पुढे रानाला लागून त्याच्या एका जुन्या सोबत्याचं शेत होतं. ऑक्टोबर होता, परतीचा पाऊस संपला नव्हता. अण्णा कचेरीत पिशवी न्यायला आला तेव्हा सांगायला जागा होती. टेबलापाशी आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "दोऱ्या घट्ट ओढ."

शेतावर दुपारी चारच्या सुमाराला पाऊस आला. टाक्याटाक्यातून पाणी गळायला लागलं. अंथरुणं वाचवायला वहिनी ती कवेत घेऊन शेतातल्या शेडकडे धावल्या आणि बांधावर घसरल्या. उजवं मनगट मोडलं. ऑपरेशन करून आत स्टीलची पट्टी घातली, हाड जुळलं, पण मनगट पूर्वीसारखं वळलं नाही. त्यांच्या हातची ज्वारीची भाकरी पातळ, कडेपर्यंत सारखी असायची. आता त्या घरात भाकरी दुकानातून येते.

हॉस्पिटलच्या बाकावर अण्णा मला म्हणाला, "मीच नीट उभा केला नाही. तुझ्या हातात तीन वर्षं थेंब आला नाही." मी त्याच्या शेजारी बसून राहिलो.

महिन्याभराने त्याने मला गच्चीवर नेलं. तू कसा लावायचास ते दाखव, म्हणाला. मी नळ्या जोडायला लागलो. तिसरीच्या आधी चौथी घेतली, सहावी उलटी घातली. अण्णाने ती माझ्या हातातून घेऊन सुलटी करून दिली. तंबू उभा राहिल्यावर मला तांब्याने शिवणींवर पाणी ओतायला सांगितलं आणि खडू घेऊन तो स्वतः आत शिरला. कारखान्यात खराब नगावर करतात तशी जिथे पाणी येईल तिथे खूण करत होता. बाहेर आला तेव्हा खांदे भिजलेले होते.

"तीन पावसाळ्यांत हे दिसलं नाही तुला?"

"आम्ही झाडाखाली लावायचो," मी म्हणालो.

त्याने थोडा विचार केला आणि मान हलवली. झाडानं अडवलं असणार, म्हणाला. या सगळ्या प्रकरणात मी जे जे खोटं बोललो त्यातलं हे सर्वांत वाईट. आधीची त्याला बरं वाटावं म्हणून होती, असं मी स्वतःला सांगू शकतो. हे फक्त माझ्यासाठी होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याने आपली हत्यारांची पेटी तारिहाळच्या एका सोबत्याला देऊन टाकली. पाने, कानशी, मोजायचं व्हर्निअर, सगळं. त्या वेळी मी तिथे होतो. "आता हात चुकतो माझा," असं तो त्या माणसाला म्हणाला. नंतर घरातला नळ गळायला लागला तरी तो प्लंबरला बोलवायचा.

यंदा संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही जेवत होतो. वहिनी म्हणाल्या, आजची भाकरी जरा कडक आहे भाऊजी, दुकानवाल्या बाईने सकाळचीच दिली. त्या मला समजावत होत्या, जशी चूक त्यांचीच. मी घास खाली ठेवला आणि सांगून टाकलं. सायकल स्टँड, कचेरीतलं कपाट, खुंट्यांना घासलेली माती, शिवणीवरची पट्टी मला पहिल्याच मुक्कामात कळली होती ते.

अण्णाने जेवण थांबवलं नाही. शेवटचा भात संपवून म्हणाला, "एकदाही नाही?"

"नाही."

"त्या लोकांनी बघितला होता?"

मी वकिलाचं वाक्य सांगितलं. शेजाऱ्याचा म्हणालो होतो, तेही सांगितलं. तो उठून हात धुवायला गेला.

वहिनी ताटं उचलत होत्या, डाव्या हाताने. म्हणाल्या, "माझा हात मोडला त्याचं जाऊ दे, भाऊजी. पण ह्यांनी पेटी देऊन टाकली तेव्हा तुम्ही इथंच बसला होता."

मी बसलो होतो. याच पाटावर.

भांडण झालं नाही. मी अजून महिन्यातून एकदा जातो, जेवतो. अण्णा शुगर विचारतो, मुलीच्या नोकरीचं विचारतो. गेल्या महिन्यात ट्रेकमध्ये चांगलाच पाऊस लागला. त्यानंतरच्या रविवारी हुबळीला गेलो आणि चप्पल काढताना उगाच वेळ लावला. अण्णा समोर खुर्चीत पेपर वाचत होता. त्याने वर बघितलं, ये म्हणाला. जेवण झालं, गप्पा झाल्या, त्याने पावसाचं काढलंच नाही. निघताना मीच म्हणालो, "अण्णा, ह्या खेपेला तंबूत पाणी आलं."

तो दारापर्यंत आला होता.

"विकतच्यात पण येतं?" त्याने विचारलं. मराठीत, पाहुण्याला विचारावं तसं.

"येतं," मी म्हणालो.

"हं," म्हणाला, आणि कोपऱ्यातली माझी छत्री उचलून माझ्या हातात दिली.