दोन दाबल्यावर

भामरे मॅडमना कुणी "चहा की कॉफी?" विचारलं, की त्या आधी उलट विचारायच्या, "कॉफी शे का खरंच? नही ते कसाले इचारतस, नाना?" आमच्या जळगावच्या कॉम्प्युटर क्लासचे शिपाई नाना ओशाळून चहाच आणायचे. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही दोघं तिथे शिकवायचो. मॅडम पाचोऱ्याहून रोज गाडीने यायच्या आणि रिकाम्या तासाला गेम लिहीत बसायच्या.

त्यांच्या गेममध्ये गोळीबार नव्हता. काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी वाक्यं उमटायची. मुलगी बघायला पाहुणे आलेत, आणि ती मुलगी म्हणजे खेळणारा. पाहुणे गेले की वडील विचारतात, पसंत आहे का? होकाराला एक दाबायचं, नकाराला दोन. दोन्हीकडे पुढे लांबलचक गोष्ट होती. नकार दिला की वडील दोन वर्षं बोलायचे नाहीत, मुलगी धुळ्याला नोकरी धरायची, कधी एकटीच रडायची. "नकार दिला म्हणून तिला सुखी नाही करायचं," मॅडम म्हणायच्या. "तिची गोष्ट पुढे गेली, की झालं."

एकदा त्यांनी खरं कारण सांगितलं. त्यांना नरडाण्याचं स्थळ आलं होतं. वडिलांनी, म्हणजे आबांनी, रीतीप्रमाणे पसंती विचारली आणि उत्तराची वाट न बघता सुपारी फोडायचा दिवस ठरवला. "आबांपुढे माझं तोंड उघडत नाही, सर. क्लासच्या प्रदर्शनाला त्यांना बोलावते. सुपारी फुटायच्या आत एकदा त्या मुलीच्या जागी बसू देत."

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मालकांनी गेम पाहिला आणि ते भडकले. "मुलींचे आईबाप येणार. आपण काय नकार द्यायला शिकवतो?" मॅडमनी बदल करायला साफ नकार दिला. मग मालकांनी मला सांगितलं, आणि मी केला. एकच ओळ. दोन दाबलं की 'नीट विचार कर' असं येऊन पुन्हा तोच प्रश्न. मला सगळं माहीत होतं. नोकरी जाईल म्हणून मी शेपूट घातलं आणि वर त्याला किरकोळ दुरुस्ती म्हणालो. मॅडमना सांगायचंही धैर्य झालं नाही.

आबा आले. टोपी सारखी करून खुर्चीत बसले, इंग्रजी अक्षरं जुळवत एकेक ओळ मोठ्याने वाचू लागले. "हाऊ पोऱ्या ते बोलसच नही," असं गेममधल्या नवऱ्यामुलाबद्दल पुटपुटत त्यांनी दोन दाबलं. पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा दोन, पुन्हा तोच. तिसऱ्यांदा दोन, तरी तोच. शेवटी एक दाबून ते खो खो हसले. "हाई मशीन बी हो म्हनाले लावस! मशीनले बी बठ्ठं समजस!" मशीनलाही सगळं कळतं म्हटल्यावर सगळे हसले. मीही हसलो, त्या हसण्याची मला आजही शिसारी येते. मॅडमनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

महिन्याभरात लग्न लागलं. मी जाऊन जेवून आलो.

सात-आठ वर्षांनी धुळ्याच्या एसटी स्टँडवर त्या भेटल्या. केस पिकलेले, हातात भाजीची पिशवी. माझ्या मुलांची चौकशी केली, क्लासमधल्या नानांची केली. गेमबद्दल अवाक्षर नाही. विसरल्या असतील, असं मी सोयीने धरून चाललो. तेवढ्यात नरडाण्याची गाडी लागली. पायरीवर पाय ठेवून त्या वळल्या.

"आबांनी तीनदा दोन दाबलं होतं, सर. पुढे काय होतं, ते त्यांना वाचायचं होतं."