फडक्यातून चाळलेली मशेरी

माझ्या दवाखान्यात येणारे पेशंट मान फार छान डोलावतात. दात काढून झाला की तोंडात कापूस दाबून ते माझ्या सूचना ऐकतात, सगळ्याला हो म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी गाल सुजवून परत येतात. वाटेतच मिसळ हाणलेली असते. ‘नुसता रस्सा घेतला मॅडम, पाव नाही,’ हे वर. नाशिकमध्ये इतकी वर्षं हेच बघितल्यावर आता आपल्याला कशाचा धक्का बसेल, असं मला वाटत नव्हतं.

मग निफाडकडच्या एक मावशी आल्या. साठीच्या, द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या. तंबाखू तव्यावर भाजून कुटलेली मशेरी त्या लहानपणापासून दातांना लावत होत्या. गालाच्या आत पांढरा चट्टा उठला होता. मी तो कापून काढला, टाके घातले आणि चट्टा तपासायला पाठवला. सोबत सून होती. दोघींना समोर बसवून बजावलं: गरम नको, तिखट नको, टोचेल असं काही नको, आणि मशेरीनं दात घासणं कायमचं बंद. सुनेनं एकेक गोष्ट पुन्हा विचारून घेतली. इतकं मन लावून ऐकणारं माणूस क्वचित भेटतं. मला ती फार आवडली.

टाके काढायला त्या आल्या तोवर रिपोर्ट आला होता. कॅन्सर नव्हता. मशेरी सुटली तर मावशी वाचल्या, हे कधी एकदा सांगते असं मला झालं होतं.

“तोंड उघडा बरं, मावशी.”

आरसा आत घातला. टाके उसवले होते, आणि उघड्या जखमेत काळी पूड भरली होती.

“हे काय आहे?”

“मशेरी,” मावशी शांतपणे म्हणाल्या.

“मी बंद करायला सांगितली होती ना?”

“दात नाय घासले, मॅडम. ठणका लागला का चिमूटभर दाबून धरते. गोळीनं पित्त व्हतं. हिनं लय बरं वाटतं.”

सून मदतीला धावली. “मी फडक्यातून चाळून देते, मॅडम. जाडीभरडी टोचंल ना. आन पार गार झाल्यावरच देते.”

माझी एकही सूचना तिनं वाया घालवली नव्हती. गरम नको, टोचणारं नको. सगळं तिनं मशेरीलाही लावलं होतं. मी ओरडले, दोघींनाही. मग जखम धुतली, रिपोर्ट समजावला, मशेरीनं पुढे काय होऊ शकतं तेही सांगितलं. मावशींनी कानाला हात लावला. आता पुडीच घरात ठेवणार नाही म्हणाल्या.

हात धुता धुता मी सुनेला सहज विचारलं, “घरात भाजतं कोण?”

“मीच. नीट भाजली का नाय, ते लावल्याबिगर कळत नाय ना.”

ती तिशीचीसुद्धा नसेल. मी मावशींना उठवलं आणि तिला खुर्चीत बसवलं. ती हसत बसली, तिला काहीच होत नव्हतं. मी दिवा खाली ओढला.

“तिचं चांगलं हाय ना?” मावशी मागून विचारत होत्या.

मी आरसा पुसून पुन्हा आत घातला. तिच्या गालातला पांढरा चट्टा तिथेच होता.